छपरावरची छत्री जाणार का? (फायबर, केबल आणि सॅटेलाइट टीव्ही)

कोयनाकाठ (धागालेखक)

आमच्या सोसायटीत एक ठराव येऊ घातलाय. गच्चीवरच्या सगळ्या डिश काढायच्या, इमारतीत एकच फायबर आणायचं आणि ज्याला टीव्ही हवा त्याने तो त्यावरच बघायचा. वरकरणी कारण स्लॅबच्या गळतीचं आहे, पण चर्चा भलतीकडेच गेली. एक तरुण सभासद म्हणाले, "सॅटेलाइट टीव्ही पाच वर्षांत संपतोय, मग आज काढल्या काय नि उद्या काढल्या काय." त्यावर वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "मग हे लोक अजून उपग्रह कशाला सोडतायत?" मला दोघांचंही पटलं, म्हणून इथे विचारतोय.

मी शोधलेलं थोडं सांगतो. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) आकड्यांनुसार पैसे भरून डीटीएच बघणारे २०२०-२१ च्या सुमारास सात कोटींच्या आसपास होते. २०२५ मध्ये ते सहा कोटींच्या खाली आले. म्हणजे घसरण आहे, यात वाद नाही. उलट बाजूला, जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातून जीसॅट-२४ सोडला गेला. केयू बँडचे (घरावरच्या छोट्या डिशला चालणारा पट्टा) २४ ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन खाली परत पाठवणारे संच), पंधरा वर्षांचं आयुष्य, आणि सगळीच्या सगळी क्षमता टाटा प्लेने घेतलेली. पंधरा वर्षांच्या उपग्रहावर पैसे लावणारा पाच वर्षांत दुकान आवरायच्या बेतात नसावा.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. मालिकांचा दर्जा हा विषय कृपया दुसऱ्या धाग्यावर.

निमा_गुहागर

वाचतेय. मालिकांचा विषय निघणारच, लावा पैज.

टवाळ_पुणेकर

सोसायटीच्या सभेत काहीतरी ठरणार आहे, हीच मोठी बातमी.

जुनाअँटेना

मी निवृत्त अभियंता. उमेदीची वर्षं आर्वीच्या भूकेंद्रात गेली. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाजवळ हे आर्वी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे विक्रम भूकेंद्र उभं राहिलं, जवळपास तीस मीटर व्यासाच्या तबकडीचं. परदेशी फोन तिथून इंटेलसॅटच्या उपग्रहावर चढायचे. मग नव्वदच्या दशकात मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या फायबर केबल्स लागल्या आणि बघता बघता ती सगळी वाहतूक आकाशातून पाण्याखाली गेली. ते होणारच होतं. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. बोलणाऱ्या माणसाला हे खटकतं. फायबरला ही अडचण नाही, आणि क्षमता तर विचारूच नका.

यावरून अनेकांना वाटतं की फोनचं जे झालं तेच टीव्हीचं होणार. माझं मत वेगळं आहे. फोन म्हणजे एकाचं एकाशी बोलणं. टीव्ही म्हणजे एकाने बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. या दुसऱ्या कामात उपग्रहाला तोड नाही. १९७५-७६ मध्ये इस्रोने नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला होता. त्यांतल्या कित्येक गावांत धड रस्ता नव्हता. तिथे तार ओढत बसलो असतो तर किती वर्षं गेली असती, तुम्हीच ठरवा.

आता हिशोब बघा. एका ट्रान्सपाँडरमधून ढोबळमानाने साठेक मेगाबिट उतरतात, त्यात वीसेक साधी चॅनेल बसतात. खाली दहा घरांत टीव्ही लागला काय आणि दहा कोटी घरांत लागला काय, वरचा खर्च तेवढाच. इंटरनेटवरून दाखवताना मात्र दर प्रेक्षकाला वेगळा प्रवाह द्यावा लागतो. २०२३ च्या आयपीएल फायनलला जिओसिनेमावर एकाच वेळी ३.२ कोटी लोक होते. माणशी तीन मेगाबिट धरले तरी शंभर टेराबिटच्या घरात जातं. त्याच वर्षीच्या विश्वचषकाच्या फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी होते, आणि टीव्हीवर सर्वोच्च क्षणी १३ कोटी. या तेरा कोटींपैकी शेवटचा कोटी आला म्हणून उपग्रहाने एक बिटही जादा पाठवला नाही.

डेटा_संपला

काका, कोपरापासून नमस्कार. पण फायबरवर मल्टिकास्ट करता येतं ना? चॅनेल एकदाच पाठवायचं, जो बघतोय त्याच्या फांदीपर्यंतच न्यायचं. आयपीटीव्ही (इंटरनेटच्या तारेवरून येणारा चॅनेलचा टीव्ही) असाच चालतो. बीएसएनएलने २०२४ च्या अखेरीस फायबरवरची टीव्ही सेवा आणली, ती ग्राहकाच्या डेटा पॅकमधून खात नाही. एअरटेलनेही मार्च २०२५ मध्ये आयपीटीव्ही आणला. तुम्ही ओटीटीचा हिशोब फायबरच्या नावावर लावलात.

जुनाअँटेना

बरोबर टोकलंत. मल्टिकास्टने मधल्या वाटेवरची गर्दी मिटते. शेवटच्या खांबापासून घरापर्यंतची तार मात्र प्रत्येक घरासाठी स्वतंत्र ओढावी लागते, आणि खरा पैसा तिथेच जातो. डिशवाल्याला ती तारच नाही.

सांगलीचा_केबलवाला

नमस्कार मंडळी. या धंद्यात मी आखाती युद्धाच्या वेळेपासून आहे. म्हणजे केबलवर सीएनएन दाखवली तर लोक चहा पाजत होते तेव्हापासून. तुमच्या चर्चेत एक गोष्ट कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणता फायबर आलं, सॅटेलाइट गेलं. अहो, फायबरवर मी जे चॅनेल देतो ते येतं कुठून? हेडएंडला, म्हणजे सगळी चॅनेल गोळा करतो त्या आमच्या केंद्रात, येऊन बघा. गच्चीवर सी बँडच्या (केयूपेक्षा लांब लहरींचा पट्टा) मोठमोठ्या डिश आहेत, एक या उपग्रहावर, एक त्या. चॅनेलवाला मुंबईहून किंवा नोएडाहून वर टाकतो, आम्ही खाली घेतो, मग ते फायबरमध्ये भरतो. दरवर्षी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. दुपारी काही मिनिटं एकेक चॅनेल जातं. गिऱ्हाईक फोन करतं, "फायबर घेतलं तरी तुमचं तेच रडगाणं!" त्याला कसं सांगू की फायबर ठणठणीत आहे, ऊन वर लागलंय.

म्हणून माझं म्हणणं, लढाई फक्त घरावरच्या छोट्या डिशची आहे. हेडएंडवरची मोठी डिश इतक्यात कुणी हलवत नाही. देशभर शेकडो हेडएंड, प्रत्येकाला तोच सिग्नल एकाच वेळी पाहिजे. अँटेनाकाकांच्या हिशोबाने ते उपग्रहाचंच काम झालं की.

आता फायबरच्या बाजूने बोलतो, कारण माझं पोट त्यावर आहे. आधी आम्ही कोएक्सियल वापरायचो. तिला थोड्या थोड्या अंतरावर अँप्लिफायर, आणि अँप्लिफायरला लाइट. एका गल्लीची लाइट गेली की पुढच्या तीन गल्ल्यांचा टीव्ही बंद. फायबरमध्ये मधे स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश अनेक तारांत वाटणारा) असतो, त्याला लाइट लागतच नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर, गिऱ्हाइकाकडे इन्व्हर्टर, मधल्या गावात अंधार असला तरी मॅच चालू. आणि एकाच काचेच्या तारेतून वेगवेगळ्या प्रकाशलहरींवर सगळं चालतं: इंटरनेट जातं १४९० नॅनोमीटरवर, परत येतं १३१० वर, टीव्ही चालतो १५५० वर. टीव्हीची लहर वेगळी असल्याने पोराने कितीही डाउनलोड केलं तरी म्हातारीची मालिका अडकत नाही.

(मालिका आली. निमाताई पैज जिंकल्या.)

दुखणी पण सांगतो. गळीत हंगाम सुरू झाला की माझी झोप उडते. उसाच्या ट्रॉल्या इतक्या उंच भरतात की रस्त्यावरून आडवी गेलेली केबल बरोबर घेऊनच जातात. शेतात पाचट पेटवलं की कडेच्या खांबावरची केबल वितळते. पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबी आला की पुरलेली पण गेली. मग रात्री बॅटरीच्या उजेडात स्प्लायसिंग (तुटलेली तार जोडायचं) मशीन घेऊन बसायचं. डिशवाल्याला यातलं काही नाही. गावात साठ घरं, त्यांतली वीस कनेक्शन घेणार, त्यांतली पाच पैसे बुडवणार. तीन किलोमीटर केबल ओढून मला काय मिळणार? म्हणून वाड्यावस्त्यांवर मी जात नाही. खोटं कशाला बोलू.

डेटा_संपला

प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

निमा_गुहागर

पैजेचे पैसे कुणाकडून घ्यायचे?

आता गंभीरपणे. केबलवाले दादा म्हणतात ती वाडी म्हणजे आम्ही. आमच्याकडे घरं एकमेकांपासून लांब, मधे वरकस आणि वहाळ. डिश हाच टीव्ही. पावसाळ्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जुलैत बाहेर काळोख करून आला की चित्राचे चौकोन होतात नि मग सिग्नल जातो. केयू बँडची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, जोराचा पाऊस ती गिळतो, असं आमच्या मुलाने समजावलं. सी बँडला एवढा त्रास होत नाही, पण तेवढी मोठी डिश घराच्या कौलांवर कोण चढवणार? शिवाय डिशचं तोंड इकडे आग्नेयेकडे. आमच्या आग्नेयेला शेजाऱ्यांचा फणस. दर दोन-तीन वर्षांनी फांदी छाटण्यावरून बोलाचाली होते.

तरी डिश सोडायची म्हटलं तर धीर होत नाही. निसर्ग वादळात (जून २०२०) उत्तर रत्नागिरी आणि रायगडात खांब आडवे झाले, लाइट कुठे कुठे आठवडे नव्हती. डिशही उडाल्या म्हणा. पण उडालेली डिश दुसऱ्या दिवशी माणूस येऊन परत बसवून गेला. खांबांवरच्या तारा यायला फार वेळ लागला.

कोयनाकाठ

पण मग भारतनेटचं काय? सरकार प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेतंय ना?

डेटा_संपला

२०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर झालं, पुढे नाव भारतनेट. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचं लक्ष्य, त्यांतल्या दोन लाखांहून जास्त ठिकाणी पोचल्याचं सरकार सांगतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. आपल्याकडे महानेट त्याचाच भाग. पण फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं म्हणजे कपाटातल्या डब्यापर्यंत आलं. तिथून निमाताईंच्या घरापर्यंत कुणीतरी धंदा म्हणून न्यायला हवं, आणि तो कुणीतरी म्हणजे वरचे केबलवाले. ते काय म्हणाले ते वाचलंच आपण.

टवाळ_पुणेकर

आमच्या ग्रामपंचायतीत तो डबा आहे. त्यावर सत्यनारायणाच्या पूजेचा फोटो ठेवलाय.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे हे नाटक दोन अंक पुढे गेलंय. स्काय म्हणजे इथला डिशवाला दादा. त्याने २०२१ मध्ये डिश न लागणारा टीव्ही बाजारात आणला आणि पुढच्या वर्षी नुसता डबा. आता दुकानात गेलात तर आधी तेच दाखवतात. आमच्या गल्लीत भिंतीभिंतीवर गंजलेल्या डिश तशाच आहेत, कारण काढायला माणूस बोलवायचा तर पैसे पडतात. फुकट टीव्हीवाल्यांनीही २०२४ मध्ये इंटरनेटवरून चालणारी फ्रीली सेवा सुरू केली. अमेरिकेत डायरेक्टीव्ही या डिश कंपनीच्या तेव्हाच्या मालकांनी २०१८ मध्येच सांगून टाकलं होतं की आमचा शेवटचा उपग्रह सोडून झाला.

तरी इथेही सगळं बंद करायला कुणी धजत नाही. अँटेनावरचा टीव्ही निदान २०३४ पर्यंत चालू ठेवायचं ठरलंय. एकटी राहणारी म्हातारी माणसं ब्रॉडबँड घेत नाहीत, आणि त्यांची मतं असतात.

मला वैयक्तिक फायदा विचाराल तर डिशच्या जमान्यात हिंदी वाहिन्या मिळायच्या, मराठीला कुणी विचारत नव्हतं. आता अॅपवर मराठी सगळं सापडतं. आकाशातल्या जागेला भाडं असतं, ते थोड्या प्रेक्षकांच्या भाषेला परवडत नाही. फायबरवर एक चॅनेल वाढवायला जवळपास काही लागत नाही. मराठीच्या बाजूने हा मुद्दा नोंदवून ठेवा.

जुनाअँटेना

लेस्टरकर, मुद्दा चांगला आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. आकाशातल्या जागेचं भाडं म्हणालात, तर जमिनीवरचे लोकही आता त्याच जागेवर डोळा ठेवून आहेत. सी बँडचा उतरता भाग ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ. अमेरिकेत त्यातला खालचा तुकडा उपग्रहांकडून काढून घेतला आणि २०२१ मध्ये संपलेल्या लिलावात मोबाइल कंपन्यांना तब्बल ८१ अब्ज डॉलरना विकला. आपल्याकडे ५जी ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झवर आहे, मधे ३० मेगाहर्ट्झची मोकळी पट्टी सोडून वर उपग्रह. सॅटेलाइट टीव्हीला फायबरमुळे धोका आहेच, पण मला वाटतं सरकारला या पट्ट्यातून जे पैसे दिसतात त्यामुळे धोका जास्त आहे.

सांगलीचा_केबलवाला

अगदी. शेजारी ५जीचा टॉवर झाल्यावर आमच्या सी बँडवर खरखर सुरू झाली होती. फिल्टर लावले तेव्हा थांबलं. तो खर्च आमच्या खिशातून.

शेतकरी_कट्टा

सगळे शहरातलं बोलताय. मी लातूरकडचा. आमच्या गावात महिन्याचं रिचार्ज भरणारी घरं कमी होत चाललीत, पण ती फायबरवर गेलेली नाहीत. ती गेलीत दूरदर्शनच्या फ्री डिशवर. एकदा डिश-डबा घ्यायचा, पुढे महिना शून्य. सह्याद्री येतं, बातम्या येतात, हिंदी पिक्चर येतात, काही खासगी मराठी वाहिन्याही येऊन-जाऊन असतात. ज्याला मॅच बघायची तो मोबाइलवर बघतो. घरातला टीव्ही फुकट आणि हातातला मोबाइल, असं दोन्ही मिळून चालतं.

२०१९ च्या नव्या दरांनंतर हे वाढलं, हे मी डोळ्याने बघितलंय. आधी साहेब लोकांनी सांगितलं, हवं तेच चॅनेल निवडा, स्वस्त पडेल. मग तेव्हा १३० रुपये नुसत्या जोडणीचे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दीडशेच्या वर गेल्यावर चॅनेलचे पैसे चालू. सोयाबीनचा भाव बघता कोण भरणार?

डेटा_संपला

+१. हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं उत्तर आहे. फ्री डिश २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झाली. तिथे ट्रायसारखी मोजणी नाही, कारण वर्गणीच नाही, पण उद्योगाचे अंदाज साडेचार कोटी घरांच्या वर जातात. प्रसारभारती चॅनेलवाल्यांना जागा लिलावाने विकते. प्रेक्षक काही देत नाही, चॅनेलवाला देतो. म्हणजे सशुल्क डीटीएचची उतरती रेघ बघून "सॅटेलाइट मरतंय" म्हणणं चुकीचं. वरच्या पैसेवाल्या थरातले लोक फायबरकडे चाललेत, खालच्या थरातले फुकट उपग्रहाकडे. मधला थर पातळ होतोय.

टवाळ_पुणेकर

म्हणजे शेवटी तंत्रज्ञान वगैरे काही नाही, रिचार्ज.

जुनाअँटेना

टवाळराव, टवाळकी करता करता बरोबर बोललात. फक्त एक भर घालतो. चॅनेलवाले फ्री डिशवर जातात आणि मधेच निघूनही जातात. २०२२ मध्ये मोठ्या समूहांनी आपली फुकट हिंदी चॅनेल तिथून काढली होती, कारण पैसे देणारा प्रेक्षक तिकडे पळतोय असं त्यांना वाटलं. पुढे काही परत आली. फुकट उपग्रह टिकेल की नाही हे जाहिरातदाराच्या हातात आहे. खेड्यातल्या प्रेक्षकापर्यंत पोचायला साबणवाल्याला दुसरा स्वस्त रस्ता मिळाला, तर जागांच्या बोली पडतील. मोबाइल हा तो रस्ता होऊ शकतो. घरापर्यंतचं फायबर होईलसं मला वाटत नाही.

निमा_गुहागर

मोबाइलवर रोज तीन तास टीव्ही बघायचा तर हिशोब करा. चांगल्या चित्राला तासाला दोन जीबीच्या वर जातात. रोजच्या दीड-दोन जीबीत एक तास पण धड होत नाही. आमच्या घरात सासूबाईंचा टीव्ही सकाळी आरतीला लागतो तो रात्री बातम्यांनंतर बंद होतो. तो मोबाइलवर नेला तर घर विकावं लागेल.

लेस्टरकर

अवांतर: फायबरने मॅच बघणाऱ्यांचं एक विचारा. इकडे शेजारच्या घरात डिश आहे. विकेट पडली की तो आधी ओरडतो, आम्हाला अर्ध्या मिनिटाने दिसतं.

डेटा_संपला

ते अॅपमुळे. अॅप चित्राचे तुकडे साठवून साठवून दाखवतं. केबलवाले दादा देतात तसा १५५० वरचा टीव्ही असेल तर फरक लक्षातही येणार नाही.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. मला समजलं ते असं: आमच्या इमारतीत डिश जाणं आज ना उद्या होणार, आणि त्यात फार वाईट काही नाही. पण सभेत "सॅटेलाइट संपलं" म्हणून ठराव नको. तळमजल्यावरच्या दोन घरांत फ्री डिश आहे, त्यांना महिन्याच्या बिलावर ढकलणं बरोबर नाही. त्या दोन डिश गच्चीच्या कठड्यावर भिंतीचा ब्रॅकेट लावून ठेवा, स्लॅबला भोक नको, असं सुचवणार आहे.

एकच शंका. फायबरवाला येईल तेव्हा त्याला काय विचारायचं? आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे जुने टीव्ही आहेत.

सांगलीचा_केबलवाला

हे विचारा. टीव्ही कसा देणार, अॅपवर, आयपीच्या डब्यावर, की ओएनयूला (घरातला फायबरचा डबा) आरएफचं, म्हणजे साध्या केबल टीव्हीचं, पोर्ट असलेला? जुने टीव्ही असतील आणि घरात दोन-तीन सेट असतील तर आरएफवाला बरा, तिथून साधी कोएक्सियल पुढे प्रत्येक सेटच्या बॉक्सला जाते, इंटरनेट बंद पडलं तरी टीव्ही चालतो. अॅपवाला घेतलात तर नेटचं बिल थकलं की टीव्ही पण गेला.

दुसरं, पॉवर मीटर (तारेतल्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजणारं यंत्र) लावून दाखवायला सांगा. इंटरनेटच्या लाइनला घरात उणे पंधरा ते उणे पंचवीस डीबीएमच्या मधे असलं की ठीक. उणे सत्तावीसच्या पुढे गेलं तर सही करू नका, कुठेतरी तार वाकलीय किंवा जोड कच्चा आहे. "दोन दिवसांत सेट होतंय" म्हणाला तरी नाही. आणि इमारतीत एकच कंपनी घुसवू नका, डक्टमध्ये दुसऱ्याला जागा ठेवा. ठरावात ते आत्ताच लिहा, नंतर कुणी लिहू देत नाही.